पाळकीय सेवा

पाळकीय सेवा : ख्रिस्ती मंडळीची (एका चर्चच्या भाविक समुदायाची) आध्यात्मिक देखभाल करण्यासाठी दीक्षा घेतलेल्या सेवकाचे कार्य. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत या सेवकाला पाळक म्हणतात व त्याच्या नावापूर्वी ‘रेव्हरंड’ लावतात. कॅथलिक समाजात हे काम धर्मगुरू, म्हणजे लोकांचे ‘फादर’, करतात. ही नोंद मुख्यतः मराठी प्रॉटेस्टंट पाळकांविषयी आहे.

पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी येशूने आपला शिष्य पेत्र याला तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि प्रत्येक उत्तरानंतर आपली मेंढरे, म्हणजे आपले अनुयायी, त्याच्या हवाली केली (योहान 21). पाळकाच्या पाचारणाचा आधार तिथे आहे. देवाने आपल्याला बोलावले आहे ही अंतरीची खात्री ही पहिली अट. पण ती एकट्याच्या शब्दावर मान्य होत नाही. मंडळीची शिफारस, सेमिनरीतील (पाळक घडवणाऱ्या विद्यालयातील) शिक्षण आणि उमेदवारी झाल्यावर दीक्षा मिळते. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बिशप उमेदवाराच्या मस्तकावर हात ठेवून आधी डीकनची (साहाय्यक सेवकाची), पुढे प्रेसबिटरची (पूर्ण पाळकाची) दीक्षा देतात.

अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट धर्मप्रसारक संस्थेचे काम मुंबईत 1813 मध्ये आणि अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) 1831 मध्ये सुरू झाले. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना 1854 मध्ये नगरला पाळकपदाची दीक्षा मिळाली. तेव्हापासून एक प्रश्न मराठी मंडळीच्या मागे लागला आहे : पाळकाचा चरितार्थ कोणी चालवायचा? पगार मिशनचा असेल, तर पाळक मंडळीचा राहतो का? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा उभा केला, त्यामागे हीच तळमळ होती. आज बहुतेक ठिकाणी हा भार मंडळीच्या दानार्पणावर आहे. शेतमजुरांच्या लहान मंडळीत पाऊस हुकला की पाळकाच्या घरची चूलही अडते.

रविवारची उपासना, उपदेश, प्रभुभोजन, बाप्तिस्मा ही कामे सर्वांना दिसतात. पाळकाची खरी पारख मात्र घरभेटीत होते. संध्याकाळी बायबल घेऊन तो एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याजवळ बसतो, तेविसावे स्तोत्र वाचतो, कपाळावर हात ठेवून प्रार्थना करतो. चहा होतो. तो उठून दाराशी चपला घालत असतो, तेव्हा घरातली सून हळूच म्हणते, “पाळकसाहेब, एक बोलायचं होतं.” नवऱ्याची दारू, मुलीचे अडलेले लग्न, सावकाराचे देणे असे सगळे त्या दाराशीच निघते. ऐकलेले त्याला पोटात ठेवावे लागते, स्वतःच्या घरीही बोलता येत नाही. या सेवेतले सर्वांत जड ओझे हेच आहे, आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते.

कायद्याची जबाबदारीही पाळकावर असते. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, 1872 नुसार विवाहाची पूर्वसूचना घेणे, दोन साक्षीदारांसमोर विधी करणे आणि नोंदवहीत नोंद करणे ही कामे काटेकोरपणे करावी लागतात. विधी सर्वसाधारणपणे सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेतच व्हावा लागतो. वऱ्हाड उशिरा आले की पाळकाचा जीव घड्याळात अडकतो.

ग्रामीण भागात एका पाळकाकडे अनेक गावे असतात आणि तरुण पिढी पुण्या-मुंबईकडे गेलेली असते. त्यात कमिटीतले गट व मिशनच्या जुन्या जमिनींचे वाद. उपदेशातला एखादा शब्द कोणाला लागला, तर ते घर उपासनेला यायचे थांबते. तरी त्याच घरी मयत झाली की मध्यरात्री पाळकालाच उठून जावे लागते. पाळकाची पत्नी महिला मंडळ आणि संडे स्कूल सांभाळते, बहुधा कोणत्याही मानधनाशिवाय. बदल्यांमुळे मुलांच्या शाळा तुटतात. त्याहून मोठे नुकसान मंडळीचे होते : घरभेटीत लोक मन मोकळे करू लागायला काही वर्षे जातात, आणि नेमकी तेव्हाच बदलीची चिठ्ठी येते.