नऊचा डिरेलर, दहाचा शिफ्टर

पसरणी घाट रोडबाईकवर चढताना एकदा तरी मनात येतंच, मागे अजून एक मोठी चकती असती तर! पुढे 34 दाते आणि मागे 28 असले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर जाते. मागे 34 दात्यांची चकती लावली की हेच अंतर 2.1 मीटरवर येतं. पाचगणीपर्यंत जाताना गुडघ्यांना हा फरक चांगलाच कळतो.

पण रोडबाईकचा आखूड डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग, एवढी मोठी चकती झेपवत नाही, लहान चकतीवर आल्यावर ढिली पडणारी चेनही त्याला ताणून धरता येत नाही. म्हणून माउंटन बाईकचा लांब डिरेलर आणायचा. शिफ्टर, म्हणजे हँडलवरची गिअर बदलायची कळ, शिमानो कंपनीचा जुन्या पद्धतीचा, दहा स्पीडचा (मागे दहा चकत्यांसाठीचा) रोड शिफ्टर असेल, तर डिरेलरही दहाचाच घ्यावा असं कुणालाही वाटेल. नेमका तोच चालत नाही. चालतो तो त्याआधीच्या पिढीचा, नऊ स्पीडचा.

कारण एका साध्या गुणाकारात आहे. शिफ्टरची एक 'टक' ठरावीक लांबीची केबल ओढते. डिरेलर त्या ओढीच्या ठरावीक पटीत आडवा सरकतो. हा गुणाकार कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचाच्या, शेजारशेजारच्या चकत्यांमधल्या अंतराएवढा आला पाहिजे. दहा स्पीडच्या कॅसेटमध्ये ते अंतर 3.95 मिलिमीटर असतं, मग कॅसेट रोडची असो वा माउंटनची. आपला शिफ्टर दर टकेला साधारण 2.3 मिलिमीटर केबल ओढतो. नऊ स्पीडच्या माउंटन डिरेलरची पट 1.7 आहे. गुणून पाहा: 3.91. डिरेलरच्या वरच्या कप्पीला (चेन ज्यावरून जाते त्या छोट्या चाकाला) आडवी थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते, तेवढा फरक ती पोटात घालते.

शिमानोने दहा स्पीडच्या माउंटन डिरेलरची पट मात्र 1.2 केली. त्यामागे चांगला विचार होता. पट कमी असली की दर टकेला केबल जास्त ओढावी लागते, त्यामुळे केबलमधला चिखल आणि घर्षण यांनी होणारी चूक छोटी राहते. पण हाच डिरेलर रोड शिफ्टरला जोडून सायकल स्टँडवर चढवा आणि पॅडल फिरवत टका मोजा. पहिल्या टकेला कप्पी जेमतेम पावणेतीन मिलिमीटर सरकते. चेन पुढच्या चकतीला घासते, करकरते, पण चढत नाही. तीन टका झाल्या तरी ती दोनच चकत्या ओलांडते. बॅरल, म्हणजे केबलचा ताण कमीजास्त करणारा स्क्रू, कितीही पिळा, हे सुधारत नाही. बॅरलने सुरुवातीची जागा बदलते, पावलाची लांबी नाही.

1984 मध्ये शिमानोने ड्युरा-एस या आपल्या गिअरसंचात टकेवर चालणारे गिअर आणले. त्याआधी बहुतेक सायकलींवर साधी तरफ असे आणि चेन नीट बसेपर्यंत स्वार ती अंदाजाने हलवायचा. गुणाकार त्याच्या बोटांत होता, म्हणून पार्टची सरमिसळ सहज खपायची. आजही तशी तरफ लावली तर न जुळणारे डिरेलर चालवता येतात. लांबच्या प्रवासाला निघणारे काही जण ती जवळ ठेवतात, ते मला अगदी पटतं.

तेव्हा पार्टवरच्या स्पीडच्या आकड्यावर विसंबू नका. 2015 मध्ये आलेला शिमानोचा टियाग्रा 4700 हा गिअरसंच दहा स्पीडचाच आहे, पण त्याची केबल-ओढ अकरा स्पीडच्या रोड गिअरसारखी, म्हणून वरची जोडी त्याला लागू होत नाही. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचं गणित तर आणखी वेगळं.

चेन कॅसेटप्रमाणे घ्यायची. आठ स्पीडची चेन बाहेरून सुमारे 7 मिलिमीटर रुंद असते, दहाची 6 च्या आसपास. जाड चेन अरुंद फटीत शेजारच्या चकतीला घासते. जुनी चेन नव्या कॅसेटवर चढवण्याआधी 24 कड्या मोजा. नव्या चेनमध्ये त्यांची लांबी बरोबर 12 इंच भरते. एक सोळांश इंच वाढली असेल, तर ती बदलाच.

आणि नवी चेन कापताना पुढची मोठी आणि मागची मोठी चकती यांवरून, डिरेलर वगळून, गुंडाळून बघा. दोन्ही टोकं जुळतात तिथून एक इंच जास्त ठेवा. ती आखूड राहिली आणि घाईत गिअर मोठ्यावर मोठा पडला, तर ताणलेली चेन डिरेलरच उपटून काढते.