सीएमबी लेन्सिंग आणि दीर्घिकांचा सहसंबंध

विश्व साधारण ३,८०,००० वर्षांचं असताना सुटलेला सीएमबीचा (कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड, म्हणजे विश्वातला सर्वांत जुना प्रकाश) उजेड आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या वस्तुमानामुळे सरासरी अडीचेक आर्कमिनिट (एक आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वळतो, यालाच लेन्सिंग म्हणतात, त्या वळण्यावरून मधल्या सगळ्या द्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या डार्क मॅटरसकट, नकाशा काढतात आणि तो दीर्घिकांच्या नकाशाशी ताडून बघतात, हाच हा सहसंबंध. लेन्सिंगच्या नकाशात खोली नसते, सगळं एकावर एक चढलेलं असतं. दीर्घिकांची रेडशिफ्ट (विश्व प्रसरण पावल्याने त्यांचा प्रकाश किती तांबडा झाला, म्हणजेच त्या किती दूर आहेत) माहीत असली की कुठल्या काळातलं द्रव्य किती, हे वेगळं करता येतं.

पहिल्यांदा हे कुणाला दिसलं यावर थोडा घोळ आहे. हिराटा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये डब्ल्यूमॅप या नासाच्या उपग्रहाचा सीएमबी नकाशा आणि स्लोन हे दीर्घिकांचं सर्वेक्षण जोडून पाहिलं, हाती काही लागलं नाही. २००७ मध्ये स्मिथ, झान आणि डोरे यांना एनव्हीएसएस या रेडिओ सर्वेक्षणातल्या दीर्घिका घेऊन ३.४ सिग्माचा (सिग्मा जितके जास्त, तितका सिग्नल निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी) सिग्नल मिळाला, पुढच्याच वर्षी हिराटांच्या गटाला मिळालेला आकडा २.५ सिग्माच होता. मान सहसा २००७ च्या पेपरला देतात आणि ते बरोबरच वाटतं, पण डब्ल्यूमॅपचा लेन्सिंग नकाशा म्हणजे जवळपास नुसता नॉइज होता हे विसरू नये. प्लँक या युरोपीय उपग्रहाने २०१३ मध्ये त्याच एनव्हीएसएसशी सुमारे २० सिग्मा दाखवले, तिथे शंका संपली.

पद्धतीचा खरा फायदा असा की दोन्ही नकाशांतल्या चुका सहसा एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून गुणाकारात त्या बऱ्याच गळून जातात (सगळ्या नाही, धुळकट दीर्घिकांचा उजेड दोन्हीकडे घुसतो आणि खोटा सिग्नल देऊ शकतो). दुसरं म्हणजे बायस, म्हणजे दीर्घिका एकूण द्रव्याच्या मानाने किती जास्त किंवा कमी गोळा होतात त्याचं प्रमाण. दीर्घिका-दीर्घिका सहसंबंधात तो वर्गात येतो, इथे एकदाच, त्यामुळे दोन्ही मोजून बायस आणि द्रव्याचा गुठळेपणा सुटे करता येतात.

वाद आहे तो याच गुठळेपणाच्या एस८ या आकड्यावर. २०२१ मध्ये क्रोलेव्स्की, फेरारो, व्हाइट यांनी अनवाइज (वाइज या इन्फ्रारेड उपग्रहाच्या चित्रांवरून केलेली यादी) दीर्घिका आणि प्लँक लेन्सिंगवरून ०.७८४ ± ०.०१५ काढला, खुद्द सीएमबीवरून येणाऱ्या सुमारे ०.८३ पेक्षा कमी. डेसी या दीर्घिका सर्वेक्षणासाठी निवडलेल्या लाल दीर्घिकांवरून २०२२ मध्ये तर ०.७३ ± ०.०३ आला. नंतर फॅरेन आणि सहकाऱ्यांनी अनवाइजला अॅक्ट (चिलीतली सीएमबी दुर्बीण) आणि प्लँकचे सुधारित नकाशे लावले तेव्हा ०.८१० ± ०.०१५ मिळाला, म्हणजे फरक बराच निवळला. नमुना तोच असून विश्लेषण सुधारल्यावर आकडा हलला, त्यामुळे सध्या फॅरेन यांच्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवावा असं दिसतं.