अ‍ॅक्टिव्हिटी स्ट्रीम्स १.० आणि २.०: दिसायला जुळी, पण अर्थ वेगळीकडे ठेवलेला

अ‍ॅक्टिव्हिटी स्ट्रीम्स म्हणजे सोशल मीडियावर कोणी काय केलं याच्या नोंदी लिहिण्याचं मानक. त्याची २०११ची १.० आवृत्ती आणि २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने (वेबची मानकं ठरवणारी संस्था) शिफारस म्हणून जाहीर केलेली २.०, दोन्हींतल्या नोंदी जेसनच, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांत लिहिलेला मजकूर. कोणी केलं ते अ‍ॅक्टर, कशावर केलं ते ऑब्जेक्ट. म्हणूनच अनेकजण जुन्या नोंदीच्या डोक्यावर @कॉन्टेक्स्टची एक ओळ चिकटवतात आणि लिंक्ड डेटा (वेबपत्त्यांनी जोडलेली, यंत्राला अर्थ कळणारी माहिती) झाला असं समजतात. तो तेवढ्याने होत नाही.

१.० मध्ये ‘डिस्प्लेनेम’ म्हणजे काय, हे मानकाचा मजकूर वाचलेल्या माणसालाच ठाऊक असतं. त्यानेच ते कोडमध्ये उतरवायचं. २.० जेसन-एलडीशी, म्हणजे लिंक्ड डेटासाठीच्या जेसनशी, जुळवून बांधली आहे. तिथे @कॉन्टेक्स्ट प्रत्येक छोट्या शब्दाला पूर्ण वेबपत्ता जोडून देतो. त्यामुळे सोशल मीडियाबद्दल काहीच न जाणणारा प्रोग्रामही त्या नोंदीतून ट्रिपल (कर्ता, संबंध, कर्म अशी तीन भागांची विधानं) काढू शकतो.

नावं बदलणं सोपं. ‘डिस्प्लेनेम’चं ‘नेम’ होतं. ‘व्हर्ब’ आणि ‘ऑब्जेक्टटाइप’ या दोघांच्या जागी एकच ‘टाइप’ येतो. त्यातलं मूल्य मोठ्या अक्षराने सुरू होतं, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक इथे मोजला जातो. जुन्या ‘पोस्ट’ क्रियेसाठी सहसा ‘क्रिएट’ वापरतात.

खरी गफलत पुढे होते. साध्या जेसनमध्ये अ‍ॅरेला, म्हणजे चौकोनी कंसातल्या मूल्यांना, क्रम असतो. जेसन-एलडीत अ‍ॅरे म्हणजे मुळात बिनक्रमाचा संच. टाइमलाइनच्या नोंदी ‘आयटम्स’मध्ये ठेवल्या, तर ट्रिपलमध्ये गेल्यावर आधीची कुठली आणि नंतरची कुठली ते कळत नाही. क्रम हवा असेल तर ‘ऑर्डर्डआयटम्स’च वापरा, कॉन्टेक्स्टमध्ये त्याची नोंद यादी म्हणून आहे.

दुसरं, ‘अ‍ॅक्टर’मध्ये नुसतं ‘सुनीता’ लिहिलंत तर ते नाव धरलं जात नाही, पत्ता धरला जातो. मग अस्तित्वात नसलेल्या पानाकडे दुवा तयार होतो. पूर्ण आयडी द्या किंवा आत ‘टाइप’ आणि ‘नेम’ असलेला ऑब्जेक्ट ठेवा.

तिसरं, ‘टू’मध्ये (नोंद कोणासाठी आहे ते) एकच पत्ता स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, म्हणून लिहा किंवा एका घटकाचा अ‍ॅरे म्हणून, आलेखाच्या, म्हणजे ट्रिपलच्या जाळ्याच्या, दृष्टीने दोन्ही एकच. पण तुमचा कोड अ‍ॅरे गृहीत धरून स्ट्रिंगवर फिरला, तर एकेक अक्षर पत्ता समजून बसेल. वाचतानाच सगळ्याचा अ‍ॅरे करून घ्या.

स्वतःचं जादा फील्ड, समजा ‘वाचनवेळ’, कॉन्टेक्स्टमध्ये न सांगता घातलं तर जेसनमध्ये ते व्यवस्थित दिसतं आणि ट्रिपल होताना निमूट गळून पडतं. एररही येत नाही! म्हणून @कॉन्टेक्स्ट अ‍ॅरे करा: पहिला मानक पत्ता, दुसरी तुमची व्याख्या.

मराठी मजकुरासाठी २.० चा मोठा फायदा म्हणजे भाषा सांगायची सोय. ‘कॉन्टेंटमॅप’मध्ये ‘एमआर’ या कोडखाली मराठी आणि ‘ईएन’खाली इंग्रजी, दोन्ही एकाच नोंदीत राहतात. संपूर्ण नोंद मराठीच असेल तर कॉन्टेक्स्टमध्ये @लँग्वेज एकदाच द्या. ही खूण नसली तर यंत्राला देवनागरी मजकूर मराठी की हिंदी, हे सांगणारं काहीच उरत नाही.

मानक कॉन्टेक्स्टची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. प्रत्येक नोंदीगणिक ती नेटवरून आणू नका. तपासणी एन-क्वॉड्सपर्यंत (ट्रिपल ओळीओळीने लिहिण्याचं रूप) नेऊन करा. नुसत्या विस्तारित रूपात (छोट्या शब्दांच्या जागी पूर्ण पत्ते घातलेलं जेसन) गळणारी फील्डं अजून दिसत राहू शकतात.