नाशिकमधील विद्यापीठीय अध्यापन व संशोधन

नाशिक शहरात व जिल्ह्यात चालणारे उच्च शिक्षण आणि त्याला लागून असलेले संशोधनकार्य. विद्यापीठ म्हटले की एका आवारात नांदणाऱ्या अनेक विद्याशाखा डोळ्यांपुढे येतात. नाशिकची घडण तशी नाही. येथे मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ या दोन राज्य विद्यापीठांचे कार्यक्षेत्र संपूर्ण महाराष्ट्र आहे, मात्र शहरातील कला, विज्ञान, वाणिज्य व अभियांत्रिकीची बहुतांश महाविद्यालये या दोहोंपैकी कोणाशीही संलग्न नसून पुण्याच्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. आरोग्य विद्यापीठाची सीमा विषयाने ठरते, मुक्त विद्यापीठाची विद्यार्थ्याच्या परिस्थितीने आणि पुणे विद्यापीठाची भूप्रदेशाने. त्यामुळे नाशिकमधील अध्यापनाची विविधता एका संस्थेत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही; ती या तीन व्यवस्थांमध्ये आणि त्यांच्या बाहेरच्या संशोधन केंद्रांमध्ये विखुरलेली आहे.

यांतील सर्वांत जुना धागा महाविद्यालयांचा. मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना १९१४ ची आणि गोखले एज्युकेशन सोसायटीची १९१८ ची. सोसायटीने १९२४ मध्ये सुरू केलेले महाविद्यालय, म्हणजे आजचे एचपीटी (हंसराज प्रागजी ठाकरसी) महाविद्यालय, आरंभी मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर नाशिक जिल्हा त्या विद्यापीठाकडे आला. वि. वा. शिरवाडकर या महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि वसंत कानेटकर येथील प्राध्यापक, एवढे सांगितले तरी वाङ्मयीन अध्यापनाची येथील परंपरा ध्यानात येते. पुणे विद्यापीठाचे २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नामांतर झाले. या विद्यापीठाचे नाशिकला उपकेंद्रही आहे. पदव्युत्तर विभाग असलेल्या मोठ्या महाविद्यालयांना संशोधन केंद्र म्हणून मान्यता मिळते व तेथील मान्यताप्राप्त मार्गदर्शकांकडे पीएच.डी.चे काम करता येते, परंतु पदवी पुण्याचीच असते.

गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ च्या स्वतंत्र अधिनियमाने अस्तित्वात आले. ते देशातील पाचवे मुक्त विद्यापीठ असून राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. ज्यांच्या नावाने विद्यापीठ ओळखले जाते ते यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. येथे वर्गखोलीची जागा पुस्तकाने घेतली आहे. विद्यार्थी घरी स्वयं-अध्ययन साहित्य वाचतो, जवळच्या अभ्यासकेंद्रावर सुटीच्या दिवशी संपर्कसत्राला बसतो आणि अडलेले समंत्रकाला विचारतो. हा समंत्रक बहुधा त्याच गावच्या महाविद्यालयातील प्राध्यापक असतो. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वतःच तपासण्याचे प्रश्न आणि शेवटी उत्तरसूचना अशी मांडणी असलेले पुस्तक लिहिणे हे व्याख्यानापेक्षा अवघड काम आहे, कारण वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ लेखकाला दिसत नसतो. मानव्यविद्या, वाणिज्य व व्यवस्थापन, शिक्षणशास्त्र, कृषी, विज्ञान व तंत्रज्ञान, संगणक, आरोग्य अशा शाखांतून चालणारे हे लेखन मोठ्या प्रमाणावर मराठीत झाले व त्यासाठी मराठी परिभाषा घडवावी लागली. विद्यापीठाच्या ‘ज्ञानगंगा घरोघरी’ या ब्रीदापेक्षा या परिभाषाघडणीची दखल कमी घेतली जाते, वास्तविक मराठीतून उच्च शिक्षण देण्याच्या प्रयत्नांत तिचा वाटा मोठा आहे. औपचारिक शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढांना पदवीकडे नेणारा पूर्वतयारी शिक्षणक्रम हेही या विद्यापीठाचे वैशिष्ट्य होते.

संशोधनाच्या बाबतीत मात्र मुक्त विद्यापीठापुढे मूलभूत अडचण उभी राहते. प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि मार्गदर्शकाचा सहवास यांना टपालाचा पर्याय नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने दूरस्थ पद्धतीने एम.फिल. व पीएच.डी. देण्यास मनाई केली, त्यामागेही हाच विचार होता. कृषी विज्ञान केंद्र आणि कुसुमाग्रज अध्यासन यांच्या द्वारे विद्यापीठाने आपल्या कार्याला स्थानिक शेती व साहित्य यांची जोड दिली आहे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्यालय दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे आहे. तोपर्यंत वैद्यकीय महाविद्यालये आपापल्या प्रादेशिक विद्यापीठांकडे होती व त्यांच्या परीक्षा, निकाल, प्रवेश यांची वेळापत्रके जुळत नसत. आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या आणि इतर आरोग्यशास्त्रे एका परीक्षायंत्रणेखाली आणण्याचे काम या विद्यापीठाने केले. एकाच विषयाचे विद्यापीठ म्हणून ते एकसुरी असेल, हा समज आयुर्वेदाचा विद्यार्थी संस्कृत संहिता वाचतो आणि मालेगावच्या युनानी महाविद्यालयातील विद्यार्थी उर्दू व अरबी परिभाषेतून शिकतो हे पाहिले की टिकत नाही. अभ्यासक्रमाचा सांगाडा राष्ट्रीय नियामक संस्था ठरवितात, त्यामुळे अध्यापनात विद्यापीठाला मोकळीक थोडी असते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला नीतिविषयक समितीच्या संमतीनंतर रुग्णांवर आधारित शोधप्रबंध लिहावा लागतो. राज्यभरातील असे प्रबंध दरवर्षी साचत जातात आणि पदवी मिळाल्यावर त्यांपैकी बहुतेकांकडे कोणी वळून पाहत नाही, हे या व्यवस्थेचे दुखणे आहे.

नाशिकच्या मातीशी थेट निगडित संशोधन यांपैकी कोणत्याही मुख्यालयात होत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची निफाडला गहू संशोधनाची आणि इगतपुरीला भातसंशोधनाची केंद्रे आहेत. काळ्या कसदार जमिनीचे निफाड आणि घाटमाथ्यावरचे पावसाळी इगतपुरी एकाच जिल्ह्यात असल्याने ही विभागणी हवामानानेच करून दिली आहे. कांदा व लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ मध्ये नाशिकलाच सुरू झाले होते, पुढे ते राजगुरुनगरला हलविण्यात आले. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘कृषक’ प्रकल्पात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून विकिरणाचा वापर होतो आणि २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यांवरही तेथे प्रक्रिया झाली. धरणे, माती व काँक्रीट यांच्या चाचण्या करणारी महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ पासून येथे आहे. ‘मेरी’ हे तिचे संक्षिप्त नाव अनेक नाशिककरांना वसाहतीचे म्हणूनच ठाऊक असते.

इतिहाससंशोधनाच्या बाबतीत नाशिक विशेष समृद्ध आहे. पांडवलेण्यांतील सातवाहन व क्षहरात या राजवंशांचे लेख, १९५०–५१ मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी केलेले शहरातील उत्खनन आणि १९०६ मध्ये जोगळटेंभी येथे सापडलेला तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी ही त्याची प्रमुख साधने होत. निधीतील नाणी क्षहरात राजा नहपान याची असून त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटविलेली आहे. लेण्यातील लेखात सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिने आपला पुत्र क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा असल्याचे जे म्हटले आहे, त्याला या नाण्यांनी पुरावा मिळाला. अंजनेरी येथे परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था याच विषयाला वाहिलेली आहे. तेथे नाण्यांवरील अक्षरे वाचण्यास ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपी, ठशांचा क्रम लावण्यास छायाचित्रांचा तौलनिक अभ्यास आणि चांदीतील भेसळ ओळखण्यास धातुशास्त्र, असे एरवी निरनिराळ्या विभागांत वाटलेले ज्ञान एकाच टेबलावर लागते.