नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन: कोणाला मिळतं, कागद काय लागतात आणि गावात काम करताना त्या नंबरामागे कोणते कायदे येतात

एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा कोर्स, पास झालेल्या मुली दरवर्षी माझ्याकडे येतात आणि प्रश्न ठरलेला असतो, मॅडम, पासचं सर्टिफिकेट तर हातात आलं, आता परत रजिस्ट्रेशन कशाला, जॉब तर मिळतोय. मी आधी उपकेंद्रावर आरोग्य सेविका होते, आता पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, आरोग्य सहाय्यिका आहे, म्हणून हे एकदा सगळं लिहूनच ठेवते, म्हणजे प्रत्येकीला फोनवर अर्धवट सांगायला नको.

पहिली गोष्ट, परीक्षा पास होणं वेगळं आणि नर्स म्हणून काम करायची परवानगी वेगळी. एएनएम आणि जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरीचा डिप्लोमा) यांची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सी नर्सिंगची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, पण रजिस्टरमध्ये नाव चढवते ती मुंबईची महाराष्ट्र परिचर्या परिषद, जिला आपण सगळे नुसतं कौन्सिल म्हणतो. ती चालते महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ वर. रजिस्टरमध्ये नाव नसताना नर्स म्हणून प्रॅक्टिस करणं हे कायद्याने चालत नाही, मग ते सरकारी उपकेंद्र असो, खाजगी दवाखाना असो की घरी जाऊन सलाईन लावणं असो. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल आली, आणि त्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा केला, त्यात एथिक्स आणि रजिस्ट्रेशनसाठी वेगळं बोर्डच ठेवलंय. म्हणजे शिस्तीचा भाग पुढे अजून कडक होणार हे धरूनच चला.

कोण अर्ज करू शकतं? मान्यताप्राप्त संस्थेतून कोर्स पूर्ण केलेला कोणीही. एएनएम आता बारावीनंतर २ वर्षांचा आहे, वयाची अट १७ ते ३५ (माझ्या वेळी दहावीवर दीड वर्षाचा होता, त्या जुन्या सेविकांचं रजिस्ट्रेशन आजही तितकंच चालतं, कोणी काही म्हणालं तर घाबरू नका). जीएनएम ३ वर्षांचा, बीएस्सी ४ वर्षांचा. जीएनएम आणि बीएस्सीवाल्यांचं नाव नर्स आणि मिडवाइफ म्हणून चढतं, एएनएमचं तिच्या वेगळ्या भागात चढतं, आणि प्रमोशनचा ६ महिन्यांचा कोर्स केला की एलएचव्ही, म्हणजे लेडी हेल्थ व्हिजिटर, म्हणून. आशाताई आणि अंगणवाडी सेविका या रजिस्टरमध्ये येत नाहीत, त्यांचं काम मोठं आहे पण त्यांच्याकडून इंजेक्शन द्यायला लावणं चूक आहे, आणि ते तुमच्या उपकेंद्रात घडलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

संस्था मान्यताप्राप्त आहे का हे ॲडमिशनच्या आधीच बघायचं असतं, फी भरल्यावर नाही. आपल्याकडच्या कितीतरी मुली जीएनएमसाठी कर्नाटकात जातात, त्यांनी तर हे आधी विचारायलाच हवं, कारण इथे परत येऊन नोकरी करायची तर इथल्या कौन्सिलमध्ये नाव चढवावं लागतं आणि तिथे संस्थेच्या मान्यतेचा कागद अडतो.

कागदांचं सांगते. दहावी आणि बारावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, कोर्सच्या सगळ्या वर्षांची मार्कशीटं, पासिंग सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा, संस्थेचं ट्रेनिंग पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट, आधार, फोटो, सही. स्कॅन स्पष्ट करा, मोबाईलवर तिरपा काढलेला फोटो ज्यात कोपऱ्यात बोट आलंय असा टाकला की अर्ज परत येतो आणि मग वाट बघत बसा. अर्ज स्वतः भरा, निदान शेजारी बसून भरून घ्या, सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा मोबाईल नंबर टाकलेला मी बघितलाय आणि नंतर ओटीपी त्याच्याकडे जात राहिला. फी किती ते अर्ज भरायच्या दिवशी कौन्सिलच्या साईटवरच बघा, मैत्रिणीने गेल्या वर्षी भरलेला आकडा धरून जाऊ नका.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर, म्हणून इथे जरा थांबते. दहावीच्या मार्कशीटवर मुलीचं नाव, मध्ये वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. कोर्स चालू असताना लग्न झालं, आधार सासरच्या नावाने झालं, मध्ये नवऱ्याचं नाव. कधीकधी पहिलं नावही बदललेलं असतं. आणि बँकेत एक स्पेलिंग, मार्कशीटवर दुसरं, वाय की आय, डबल ए की सिंगल. आता तुम्हीच सांगा, समोरच्या क्लार्कने कसं मानायचं की ही एकच बाई आहे? त्याला विवाह नोंदणीचा दाखला लागतो, नाव पूर्ण बदललं असेल तर शासन राजपत्रात नाव बदलाची नोंद करून घ्यायची, आणि जोडीला दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट. माझं मत विचाराल तर पहिलं रजिस्ट्रेशन मार्कशीटच्या नावानेच करून टाका, आधार बदलायची घाई करू नका, लग्नानंतरचं नाव नंतर रीतसर अर्ज करून लावता येतं. माझ्या हाताखालच्या एका मुलीची तिच्या वेळची भरती यातच गेली, एका कार्यालयाने तिचे कागद दोन महिने नुसते ठेवून घेतले आणि शेवटी सांगितलं की नाव जुळत नाही, हे पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत होती. म्हणून कागद दिला की पोच घ्या, तारखेचा शिक्का असलेली.

राष्ट्रीय पातळीवर नर्सेसचं एक लाईव्ह रजिस्टर आहे, आधारवर आधारलेलं, त्यात प्रत्येकीला एक कायमचा युनिक नंबर मिळतो, एनयूआयडी म्हणतात त्याला. राज्याचा रजिस्ट्रेशन नंबर वेगळा आणि हा वेगळा, दोन्ही डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दुसऱ्या राज्यातून आलात तर मूळ कौन्सिलची एनओसी आणि व्हेरिफिकेशन लागतं. याला रेसिप्रोकल रजिस्ट्रेशन म्हणतात. परदेशात जायचं असेल तर गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट, म्हणजे तुमचं नाव रजिस्टरवर चालू आहे आणि तुमच्यावर कारवाई नाही हे कौन्सिल सांगते.

रिन्यूअल ५ वर्षांनी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबाने ५ वर्षांत १५० तासांचं सीएनई (नोकरीत असताना चालू ठेवायचं नर्सिंगचं शिक्षण), म्हणजे वर्षाला ३० तास. पीएचसीत वर्षभर ट्रेनिंग चालू असतात पण सगळी ट्रेनिंग त्यात धरली जात नाहीत, कौन्सिलने मान्य केलेली असतील तरच तास मिळतात, तेव्हा ट्रेनिंगला बसायच्या आधी विचारा आणि सर्टिफिकेट त्याच दिवशी मागून घ्या. रजिस्ट्रेशन संपलंय हे कोणाच्या लक्षात येत नाही आणि एक दिवस लसीकरणानंतर बाळाला त्रास होतो, चौकशी लागते, पहिला कागद मागतात तो हाच. तेव्हा तुमचं काम कितीही बरोबर असलं तरी संपलेली तारीख तुमच्या विरुद्ध बोलते.

आता हा नंबर घेतल्यावर तुम्ही काय मान्य करता ते. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २००६ मध्ये कोड ऑफ एथिक्स आणि प्रोफेशनल कंडक्ट काढलाय. त्यात रुग्णाचा मान, त्याचं खाजगीपण, गुप्तता, आपली कुवत टिकवणं आणि कायद्याच्या चौकटीत राहून काम करणं हे सगळं आहे. वाचायला साधं वाटतं, पण हॉस्पिटलमधल्या नर्सच्या मागे निदान वॉर्ड असतो, डॉक्टर असतात, आपण वाडीवर एकटीच असतो आणि समोर सासू, नवरा, शेजारीण सगळे एकाच खोलीत.

आपली कुवत म्हणजे काय ते उदाहरणाने सांगते. बाळंतपणाच्या सरकारी गाईडलाईन्समध्ये आपल्याला बाळ बाहेर आल्यावर ऑक्सिटोसिन १० युनिट देता येतं, झटके आले तर मॅगसल्फचा पहिला डोस देऊन लगेच रेफर करता येतं. पण कळा वाढवायला म्हणून उपकेंद्रात किंवा घरी ऑक्सिटोसिन देणं नाही म्हणजे नाही, घरचे कितीही म्हणोत की सिस्टर एक सुई मारा, लवकर मोकळी होऊ द्या. गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. गर्भपाताचंही तसंच, तो फक्त त्यासाठी पात्र डॉक्टर करू शकतात, आपण गोळ्या द्यायच्या नाहीत, योग्य ठिकाणी पाठवायचं. आणि त्या बाईचं नाव कुठेही फुटता कामा नये, एमटीपी, म्हणजे गर्भपाताच्या, कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने नाव उघड करणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे.

गुप्ततेचं खरं दुखणं आता व्हॉट्सॲप आहे. रिपोर्टिंगच्या घाईत आरसीएच रजिस्टरच्या, म्हणजे गरोदर माता आणि बाळांच्या नोंदवहीच्या, पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो. त्या पानावर गरोदर बाईचं नाव असतं, नवऱ्याचं नाव असतं आणि पुढच्या रकान्यात एचआयव्ही टेस्टचा निकाल असतो. ग्रुपमध्ये ड्रायव्हर, डेटा ऑपरेटर, कधी सरपंचही. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, टेस्टला समजून दिलेली संमती लागते आणि निकाल इतरांना सांगायला लेखी संमती लागते, कायद्यातले ठरलेले अपवाद सोडून. वरून मेसेज आला पान टाका, तर आकडे टाईप करून टाका, पान नका टाकू. मी असं करायला लागले तेव्हा एकदा मीटिंगमध्ये बोलणी खाल्ली, पण नंतर त्यांनीही नुसते आकडे मागायला सुरुवात केली.

लिंगनिदानात तर शब्दही लागत नाही, १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यात खुणेने किंवा कोणत्याही रीतीने सांगणंही गुन्हा आहे. सोनोग्राफीहून आलेल्या बाईशी हसत हसत बोललेलं वाक्यसुद्धा जपून बोला.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे १८ च्या खालची गरोदर मुलगी. मंगळसूत्र घालून येते, सासू वय २० सांगते, आणि शाळेच्या दाखल्यावर १६ निघतं. पोक्सो २०१२, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला हे कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच असतं, न कळवल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि लग्न झालंय म्हणून सुटका नाही, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच १८ खालच्या पत्नीच्या बाबतीतली ती सूट काढून टाकली. गर्भपाताच्या बाबतीत मात्र २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख देण्याची गरज नाही. माझी पद्धत अशी आहे, आधी तपासणी, बीपी, हिमोग्लोबिन, गोळ्या, मुलीला एकटीला बाजूला घेऊन बोलणं, आणि त्याच दिवशी मेडिकल ऑफिसरना लेखी कळवून पुढची कार्यवाही त्यांच्याबरोबर. वय लपवून रजिस्टरमध्ये २० लिहायचं नाही. आणि कायद्याच्या भीतीने तिला दारातून परत पाठवायचं तर मुळीच नाही, परत पाठवलेली मुलगी घरीच बाळंत होते आणि मग कोणालाच कळत नाही तिचं काय झालं. हे लिहिताना माझ्या डोळ्यासमोर एक चेहरा आहे, हिरव्या बांगड्या आणि हातात शाळेची पिशवी, त्या पिशवीत तिने एमसीपी कार्ड, म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड, ठेवलं होतं.

नोंदींबद्दल मी फार कडक आहे, मुलींना राग येतो पण असू दे. न घेतलेलं बीपी लिहायचं नाही, सगळ्यांचं १२०/८० लिहिलेलं रजिस्टर बघितलं की कळतं. चुकलं तर एका रेघेने खोडा, वर बरोबर लिहा, सही आणि तारीख, व्हाईटनर नको. उघडलेल्या व्हायलवर तारीख वेळ घाला. ओपन व्हायल पॉलिसीत पेंटा, टीडी, आयपीव्ही अशा ठरलेल्या लसी व्हीव्हीएम (व्हायलवरची उष्णता दाखवणारी खूण) चांगला असेल तर २८ दिवस चालतात, पण बीसीजी आणि एमआर मिसळल्यापासून ४ तासांत किंवा सेशन संपताना, जे आधी होईल तेव्हा टाकायच्या. लस दिल्यावर अर्धा तास बाळाला थांबवा, गंभीर त्रास झाला तर लगेच एमओंना, म्हणजे मेडिकल ऑफिसरना, कळवा, लपवलं तर साधी घटनाही गुन्ह्यासारखी दिसते. घरी झालेला जन्म किंवा मृत्यू असेल आणि तुम्ही तिथे हजर असाल तर १९६९ च्या कायद्याने नोंदणी अधिकाऱ्याला कळवणं तुमच्याकडेही येतं, मुदत २१ दिवस.

आणि कधी तक्रार झालीच तर. कौन्सिलकडे तक्रार गेली की चौकशी होते, तुम्हाला बाजू मांडायची संधी मिळते, आणि दोष ठरला तर ताकीदीपासून रजिस्टरमधून नाव काढण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. नोटीस आली की रडत बसून दिवस घालवू नका आणि कोणाच्या सांगण्यावरून कोऱ्या कागदावर सही करू नका. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर, त्यात काय केलं ते वेळेसकट, सोबत रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स, एमओंना पाठवलेल्या पत्राची पोच, रेफर स्लिपची कार्बन कॉपी आणि चालू रजिस्ट्रेशनची प्रत. मूळ कागद कोणालाही द्यायचे नाहीत, दाखवायचे आणि परत घ्यायचे.