सुगम घर

सुगम घर म्हणजे असं घर की ज्यात व्हीलचेअरवरचा माणूस, काठी टेकत चालणारी आज्जी, कमी दिसणारा, ऐकू न येणारा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला आणि दिवस भरलेली बाई, सगळ्यांना दुसऱ्याच्या खांद्याचा आधार न घेता आत येता येतं, संडासला जाता येतं, पाणी घेता येतं, दिवा लावता येतो. अडथळामुक्त घर असंही म्हणतात, सरकारी कागदात 'सुगम्य' असतं पण बोलताना कुणी तो य लावत नाही. या नोंदीत मुख्यतः सोलापूर शहरातल्या घरांचा विचार केलाय, कारण जुनी माळवदाची (सपाट मातीच्या छताची) घरं, गिरणीच्या चाळी, घरातच माग असलेली पूर्व भागातली घरं आणि नवे फ्लॅट असे सगळे प्रकार इथं एका गावात सापडतात.

कल्पनेचा उगम कुणाचा यावर एकमत नाही. 'युनिव्हर्सल डिझाइन', म्हणजे सगळ्यांना वापरता येईल अशी रचना, हा शब्द अमेरिकन आर्किटेक्ट रोनाल्ड मेस यांनी १९८५ च्या सुमारास रूढ केला असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. मेस यांना लहानपणी पोलिओ झाला होता, ते स्वतः व्हीलचेअर वापरायचे, आणि त्यांच्याच पुढाकाराने नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत १९८९ साली या विषयाचं केंद्र निघालं, तिथूनच १९९७ ला या रचनेची ७ तत्त्वं आली. पण ब्रिटनमध्ये सेल्विन गोल्डस्मिथ, तेही पोलिओ झालेले आर्किटेक्टच, १९६३ पासून अपंगांसाठीच्या रचनेवर लिहीत होते, त्यामुळे शब्द मेस यांचा आणि विचार त्याआधीचा असं धरणं जास्त बरोबर वाटतं. घराच्या बाबतीत मात्र सगळ्यात उपयोगी पडेल अशी मांडणी एलेनॉर स्मिथ यांची. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अटलांटामध्ये त्यांनी मागणी केली ती फक्त तीन गोष्टींची : एक तरी दार बिनपायरीचं, आतली दारं ३२ इंच मोकळी, आणि तळमजल्यावर एक संडास. म्हणजे घर आपलं नसलं तरी पाहुणा म्हणून तरी जाता आलं पाहिजे, आणि सोलापुरात जिथं हळदी-कुंकवापासून बारशापर्यंत सगळं घरीच होतं तिथं हा विचार लगेच पटतो.

उताराचं गणित. रॅम्पचा उतार १ला १२, म्हणजे १ इंच उंची चढायला १२ इंच लांबी, हा आकडा भारतातल्या नियमांतही आहे आणि गवंड्यांनाही आता माहीत झालाय. हा आकडा निदान १९६१ च्या अमेरिकन मानकात स्पष्ट आहे (८.३३ टक्के, म्हणजे ५ अंशांपेक्षा जरासा कमी). त्यामागचं काम इलिनॉय विद्यापीठातल्या टिमथी न्यूजंट यांचं, आणि ज्यांच्यावरून हे आकडे काढले ते तिथले व्हीलचेअरवरचे विद्यार्थी बहुतेक तरुण, दंडात ताकद असलेले, स्वतःची खुर्ची स्वतः ढकलणारे होते, म्हणून हा उतार सगळ्यांना जमेलच असं नाही अशी टीका नंतर झाली. ती टीका रास्त आहे. आपल्याकडे खुर्ची बहुतेक वेळा घरातलं माणूस मागून ढकलतं, आणि ते माणूस बऱ्याचदा साठीतली बायको असतं, तिच्यासाठी १ला १२ सुद्धा चढच आहे, जागा असली तर १ला १५ किंवा १ला २० घ्यावा. पण जागा हीच खरी अडचण. पेठेतल्या घराला ७ इंचाच्या ३ पायऱ्या धरल्या तर २१ इंच उंची, त्याला २१ फूट रॅम्प, वर दारापुढे खुर्ची थांबवून कडी काढायला ५ फूट सपाट जागा, म्हणजे २६ फूट झाले, आणि समोरची बोळ असते ८-१० फुटांची. मग लोक काय करतात तर पायऱ्यांवरच सिमेंट ओतून घसरगुंडी करतात, तिच्यावरून मोटारसायकल चढते पण खुर्ची चढत नाही, आणि उतरताना तर माणूस तोंडावर पडायची भीती. त्यापेक्षा ओट्याच्या कडेकडेने भिंतीला धरून वळणारा रॅम्प, किंवा मागच्या बोळातलं दार जमिनीलगत असेल तर तेच मुख्य दार करणं, हे जास्त चालतं. जुन्या पेठांत आणखी एक गोष्ट झालीय, रस्त्यावर थरावर थर पडून रस्ताच वर आलाय, त्यामुळे काही घरांच्या पायऱ्या आपोआप कमी झाल्या तर काही घरं उलटी रस्त्याच्या खाली गेली, तिथं बाहेरून आत उतरायला उतार लागतो आणि दारापुढे जाळीची गटारही लागते.

उंबरठा. घरातला सगळ्यात जुना अडथळा हाच, म्हणून याबद्दल थोडं सविस्तर. शब्दाची व्युत्पत्ती सांगताना बहुतेक जण म्हणतात की उंबराच्या लाकडाचा करायचे म्हणून उंबरठा, आणि उंबर म्हणजे औदुंबर, दत्ताचं झाड, म्हणून तो पवित्र. ऐकायला छान आहे पण अडचण अशी की उंबराचं लाकूड हलकं, कोरड्यात न टिकणारं, ते टिकतं पाण्याखाली, म्हणून विहिरीच्या तळाच्या चौकटीला ते वापरायचे. दख्खनमध्ये उंबरे दिसतात ते सागाचे, बाभळीचे नाहीतर सरळ दगडाचे. दुसरं मत असं की संस्कृतात 'उदुम्बर' या शब्दाचा दाराच्या खालचं आडवं लाकूड असाही अर्थ आहेच, बृहत्संहितेत तो सापडतो, पालीत 'उम्मार' आहे, गुजरातीत 'उंबरो', म्हणजे झाडाशी नातं असो नसो, चौकटीचा खालचा भाग हा अर्थ फार जुना, आणि मराठी उंबरा, उंबरठा हे त्या वाटेने आलेत. दुसरं मत जास्त पटणारं आहे. सोलापुरात त्याच वस्तूला कानडी घरात होस्तिलु म्हणतात आणि तेलुगू घरात गडप, त्या दोन्ही शब्दांचा झाडाशी काही संबंध नाही, पण पूजा तीच, हळदीचा लेप आणि त्यावर कुंकवाची बोटं.

ही चर्चा इथं कशाला तर उंबरा काढायचं म्हटलं की घरात पहिला विरोध होतो तो याच कारणाने, लक्ष्मी तिथून येते, नरसिंह तिथं बसला, उंबरा मोडायचा नसतो. आणि ती भावना खरी आहे, तिला उडवून लावून कुणाचं घर सुगम होत नाही. पण उंबरा म्हणजे चौकटीचा खालचा भाग, तो ५ इंच वर आला पाहिजे असं कुठंही नाही. चौकटीचे दोन पाय पकडून धरणं, धूळ-पाणी अडवणं, सरपटणारं काही आत येऊ न देणं ही त्याची कामं, यातलं पाणी आणि धूळ आता दाराच्या खालच्या रबरी पट्टीने अडतं. जमिनीत दाबलेला दगडही उंबराच असतो. भारतीय मार्गदर्शक सूचनांत उंबऱ्याची उंची १२ मिलिमीटर, म्हणजे साधारण अर्ध्या इंचापर्यंत चालते, तीही कडा घासून उतरती केलेली.

पूर्व भागातल्या एका घरात हे कसं झालं ते जवळून बघायला मिळालं. आज्जीला अर्धांगवायू झाला, वॉकर घेऊन घरात फिरायच्या, पण दारात आल्या की वॉकर उचलून पलीकडे ठेवायचा आणि मग उजवा पाय ओढत ५ इंच वर घ्यायचा, तेवढ्यासाठी त्यांनी ओट्यावर बसणं सोडून दिलं होतं, दिवसभर आतल्या खोलीत. मुलाने आधी प्लायवूडची पाचर केली, १८ इंच लांब, ती इतकी उभी झाली की वॉकरचं पुढचं पाऊल घसरायला लागलं. ५ इंचाला ५ फूट लागतात हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी गवंड्याने दगडी उंबरा काढला, खाली माती उकरून तोच दगड परत बसवला, फरशीच्या बरोबरीने, चौकटीच्या पायांना लोखंडी पट्टी मारून खालून बांधलं, गवंडी आणि मजूर मिळून दीड दिवसाचं काम. सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच दगडाला हळद लावली, रांगोळी काढली. रांगोळीला उंचवटा लागतच नाही, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर सोलापूरकर सपाट रस्त्यावर कितीतरी लांब रांगोळ्या काढतात. आज्जी आता संध्याकाळी ओट्यावर असतात.

माळवदाच्या घराची अडचण वेगळी, भिंती दोन-दोन फूट जाड, दारं बुटकी आणि अरुंद, आणि भिंतीवर वरच्या मातीचा सगळा भार, त्यामुळे दार रुंद करायचं म्हणजे वरची तुळई बदलावी लागते आणि ते काम जाणत्या माणसाशिवाय करूच नये. त्याआधी सोपे उपाय बघावेत, दाराची फळी काढून पडदा लावला तरी इंच-दीड इंच मिळतो, किंवा फळी पूर्ण बाहेर फिरेल अशी बिजागरी बसवली तरी तेवढंच. साधी व्हीलचेअर २५-२७ इंच रुंद असते आणि हाताच्या कोपरांना थोडी जागा लागते, म्हणून ३२ इंच मोकळं दार कामचलाऊ, ३६ इंच चांगलं. खुर्ची जागच्या जागी वळायला ५ फुटांचं वर्तुळ लागतं, एवढी जागा लहान घरात फक्त एकाच खोलीत निघते, ती कुठली ठेवायची हे आधी ठरवावं, पलंग आणि कपाट मग.

मोरी आणि संडास. पडणं होतं ते इथं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात पिंपं, बॅरल, हौद, आणि ते ठेवायची जागा म्हणजे मोरीकडे जाणारा बोळ. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी पाईप ओढले जातात, बोळातली शहाबादी फरशी ओली होते. शहाबाद इथून जवळच, कर्नाटकात, म्हणून गावभर तीच फरशी, स्वस्त, उन्हाळ्यात पायाला गार, पण पॉलिश केलेली असली आणि ओली झाली की साबणासारखी. उपाय महाग नाहीत, मोरीत पॉलिश न केलेली खडबडीत फरशी घालणं किंवा असलेल्या फरशीला ग्राइंडरने आडव्या खाचा मारून घेणं, पिंपं भिंतीच्या एकाच बाजूला सरळ रेषेत आणि दुसऱ्या बाजूला निदान ३ फूट वाट. मोरीचा ४ इंचाचा कठडा काढून त्याऐवजी फरशीलाच जाळीकडे उतार द्यावा. देशी संडासाच्या जागी कमोड बसवताना १८ इंचाच्या आसपास उंची धरावी, जागा किंवा पैसे नसतील तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. धरायचा स्टीलचा दांडा विटेच्या भिंतीत पक्का ठोकावा, नुसत्या टाइल्सवर किंवा चिकटवून बसवलेला दांडा माणसाचं वजन पडलं की निघून येतो, आणि नळाला धरून उठायची सवय तर मोडलीच पाहिजे. संडासचं दार बाहेर उघडणारं हवं, आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, आणि कडी बाहेरूनही निघेल अशी.

कायदा. १९९५ च्या कायद्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरलीत. त्याआधी ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं. हा सगळा भर सार्वजनिक इमारतींवर आहे, स्वतःच्या घराच्या आतल्या रचनेला कायदा थेट हात घालत नाही. घराशी संबंध येतो तो कलम ३७ मुळे, सरकारी घरकुल योजनांत ५ टक्के आरक्षण, आणि शहरी पंतप्रधान आवास योजनेच्या सूचनांत दिव्यांग आणि ज्येष्ठ असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचा मजला द्यावा असं आहे. सोलापूरसाठी हे महत्त्वाचं, कारण कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये ३० हजार घरांचा प्रकल्प आहे, त्यातली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली, राहणारे बहुतेक असंघटित कामगार, यंत्रमागवाले, विडी कामगार बायका. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, काही गोष्टी सक्तीच्याच हव्यात.

घर हेच कामाचं ठिकाण असलं तर सुगमतेचा अर्थ आणखी बदलतो, आणि परदेशी मानकांत हा भाग येत नाही. विडी वळणारी बाई जमिनीवर मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन तासन् तास बसते, पन्नाशीनंतर गुडघे गेले की उठबस बंद आणि त्याबरोबर मजुरीही बंद. १६-१७ इंच उंच, हात टेकून उठता येईल असा कट्टा भिंतीलगत बांधला, पुढे सूप ठेवायला फळी, पाठीला भिंत, डाव्या हाताला खिडकीचा उजेड, तर कितीतरी वर्षं काम पुढे चालतं. खड्डा मागावर तर विणकर जमिनीच्या पातळीला बसून पाय खड्ड्यात सोडतो, तिथं खड्ड्याच्या कडेला धरायला खुंटी आणि काम नसताना वर फळीचं झाकण, नाहीतर कमी दिसणाऱ्या माणसाचा पाय त्यात जातो.

कमी दिसणाऱ्यांसाठी पायरीच्या कडेला दोन इंचाचा पांढरा किंवा पिवळा पट्टा, दाराच्या चौकटीला भिंतीपेक्षा वेगळा रंग, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वस्तू रोज त्याच जागी. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी बेलबरोबर दिवा लागेल अशी जोडणी कुठलाही वायरमन करून देतो, यंत्रमागाच्या खटखटीत वर्षानुवर्षं काढलेल्या घरात ती चांगलं ऐकू येणाऱ्यालाही लागते. गतिमंद किंवा स्वमग्न मुलांच्या घरी गॅसचा कॉक आणि गच्चीचं दार यांना मुलाच्या हाताला न लागणारी वरची कडी, आणि एक शांत कोपरा, मागापासून जितका लांब मिळेल तितका.