स्तनातील गाठ काढून तपासणे : ऑपरेशनच्या आधी आणि घरी गेल्यावर

सुई घालून तपासणी झाली होती, मग आता चिरा कशाला? आमच्या डे-केअर केंद्रात नाव नोंदवताना हा प्रश्न हमखास येतो.

सुईच्या तपासणीत शेवईच्या तुकड्यासारखे चार-सहा धागे निघतात आणि बहुतेक गाठींचा निकाल त्यावर लागतो. ऑपरेशन करून गाठ काढायची वेळ येते ती पुढच्या कारणांनी. सुईचा रिपोर्ट साधा आहे, पण सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीतले चित्र त्याच्याशी जुळत नाही. पेशी कॅन्सरच्या नाहीत, पण सरळही दिसत नाहीत. दुधाच्या नळीत पॅपिलोमा (चामखिळीसारखी छोटी वाढ) आहे. गाठ भराभर वाढते आहे. किंवा जागा अशी आहे की सुई तिथे नीट पोचत नाही. म्हणजे ऑपरेशन ठरले म्हणून कॅन्सर ठरला, असे नव्हे. सुईची तपासणी न करता थेट ऑपरेशन सांगितले असेल, तर ‘आधी सुईने का नको?’ असे सर्जनना जरूर विचारा. विचारलेले कुणालाही खटकू नये.

‘सुरी लागली की रोग पसरतो’ हे गावोगावी ऐकू येते. ते खरे नाही. ह्या भीतीने गाठ वर्षभर अंगावर काढण्यानेच नुकसान होते.

आधीचा आठवडा

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट घेऊन या. ‘पांढरी छोटी गोळी’ एवढ्यावरून काही कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन, ॲसिट्रोम) स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि आमच्यापासून लपवूही नका. हृदयात स्टेंट असेल तर गोळी अचानक तोडणे रक्तस्रावापेक्षा महागात पडू शकते. काढे, लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल यांनीही रक्त जास्त वाहू शकते, तेही सांगा.

शुगरच्या डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ह्या गोळ्या ऑपरेशनच्या ३ दिवस आधी थांबवाव्या लागतात. उपाशीपोटी त्या चालू राहिल्या, तर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साठते. त्यांच्या जागी काय घ्यायचे, हे तुमच्या फिजिशियनला विचारून ठेवा. बीपी आणि थायरॉइडची गोळी बहुधा त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते, तरी भूलतज्ज्ञांना विचारून पक्के करा.

मिश्री लावत असाल, तंबाखू खात असाल, तर मोकळेपणाने सांगा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि जखम भरायला उशीर लागतो. ४ आठवडे आधी बंद केली तर उत्तम. तेवढे दिवस हातात नसतील तर आजपासून बंद करा आणि जखम भरेपर्यंत तरी पुन्हा लावू नका. दिवस गेले असण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तेही आधीच सांगा. पाळी चालू असली तरी ऑपरेशनला अडचण नाही.

ऑपरेशनची सकाळ

पूर्ण भूल किंवा झोपेचे इंजेक्शन असेल, तर जेवण आणि ऑपरेशन यांत निदान ६ तास हवेत, तळलेले-मटणाचे जेवण असेल तर ८. सकाळचा नंबर असल्यास रात्री दहाच्या आत जेवून घ्या. नुसते पाणी २ तास आधीपर्यंत चालते. गडबड होते ती चहाने. दुधाचा चहा पोटात जेवणासारखाच राहतो. पहाटे अर्धा कप घेतला तरी आम्हाला नंबर पुढे ढकलावा लागतो, कारण भुलेत उलटी झाली आणि ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते.

साबणाने अंघोळ करा. काखेत वस्तरा फिरवू नका. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. पावडर, डिओ, क्रीम काही लावू नका; डिओतले कण मॅमोग्राफीत चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चमकी घरीच काढून ठेवा. रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारे उपकरण वापरतात, म्हणून अंगावर धातू नको. मंगळसूत्र काढायला मन होत नसेल, तर आदल्या दिवशीच बोला. नेलपॉलिश एका बोटावर तरी नको, बोटाला लावायच्या चिमट्याला ऑक्सिजन नीट मोजता येत नाही.

समोरून बटणांचा सैल गाऊन घालून या. ब्लाउजचे हुक पुढे असले तरी त्याची घट्ट किनार नेमकी चिऱ्यावर काचते. बरोबर तार नसलेली, पुढून उघडणारी सुती ब्रा आणा.

गाठ हाताला लागत नसेल, तर ऑपरेशनच्या आधी मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीखाली केसासारखी बारीक तार घालून जागा दाखवली जाते. आमच्याकडे ते यंत्र नसल्याने तार मिरजेत घालून मग सांगलीला यावे लागते. तारेचे बाहेरचे टोक त्वचेला पट्टीने चिकटवलेले असते. वाटेत ते ओढू नका, त्यावर पर्स किंवा सीटबेल्ट दाबू देऊ नका. स्कूटरवरून येऊ नका. उपाशीपोटी तार घालताना चक्कर येऊ शकते, तशी येतेय असे वाटताच तंत्रज्ञांना सांगा.

तुम्ही जाग्या असतानाच सर्जन त्या बाजूला पेनने खूण करतील. बाजू बरोबर आहे ना, हे तुम्हीही पाहा.

डबी

काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या (गाठ कुजू न देणाऱ्या द्रावणाच्या) डबीत ठेवतात आणि बऱ्याचदा ती लॅबमध्ये नेण्याचे काम नातेवाइकांवर येते. डबीवर तुमचे नाव, वय आणि डावी की उजवी बाजू लिहिली आहे का, ते निघण्यापूर्वी वाचा. अर्जावरचा मजकूर तिच्याशी जुळला पाहिजे. झाकण घट्ट ठेवा. डबी उघडू नका, आतले पाणी ओतून साधे पाणी भरू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. गाठीला आखूड आणि लांब दोरे बांधलेले दिसतील. कोणती बाजू वरची, कोणती बाहेरची हे लॅबला कळावे म्हणून ते असतात. डबी त्याच दिवशी पोचवा आणि पावती घ्या. ती वाटेत हरवली, तर पुन्हा काढायला गाठ उरलेली नसते.

घरी गेल्यावर

२४ तास गाडी चालवू नका, सही-शिक्क्याची कामे करू नका, एकट्या राहू नका. जत, आटपाडीसारख्या लांबच्या गावाहून आला असाल, तर पहिली रात्र सांगली-मिरजेत काढलेली बरी.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, दर ६ तासांनी. दिवसात ४ गोळ्यांच्या वर नको. लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारा. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटे ठेवा. ब्रा पहिले दोन दिवस रात्रीही काढू नका. स्तन लोंबकळला की टाके ओढतात.

ड्रेसिंग ४८ तास कोरडे ठेवा. त्यानंतर अंघोळ चालते, पाणी अंगावरून वाहू द्या, घासू नका. आतल्या बारीक चिकटपट्ट्या आपोआप सुटतात, त्या ओढू नका. जखमेवर हळद नको. सांगलीत हळदीला नाही म्हणणे जरा जड जाते, पण ती भाजीत असू द्या. उघड्या टाक्यांवर पूड बसली की लाली दिसत नाही आणि जंतू झाल्याचे उशिरा कळते.

हात पहिल्या दिवसापासून हलवा, केस विंचरा. खांदा आखडला तर तो वेगळाच ताप होतो. मात्र दोन आठवडे ५ किलोच्या वर काही उचलू नका. पाण्याने भरलेली कळशी त्याहून बरीच जड असते, आणि भरलेला सिलिंडर जवळपास ३० किलोंचा. भाकरी थापताना अख्खी छाती हादरते, म्हणून आठवडाभर चूल दुसऱ्या कुणाकडे सोपवा. द्राक्षबागेत मांडवाखाली हात वर धरून करायची कामे तीन आठवड्यांनंतर.

निळे-जांभळे, मग हिरवट-पिवळे डाग खाली सरकत दोन आठवड्यांत जातात. गाठीच्या पोकळीत पाणी साठून डचमळल्यासारखे वाटेल. आकार टिकावा म्हणून ती पोकळी बऱ्याचदा मुद्दाम तशीच ठेवतात. चिऱ्याखाली कठीण वळ लागतो. ‘गाठ परत आली’ म्हणून घाबरून फोन येतात तो हाच. तो विरायला काही महिने लागतात.

पहिल्या २४ तासांत एका बाजूने भराभर फुगून स्तन टणक झाला किंवा ड्रेसिंग रक्ताने भिजतच राहिले, तर तळहात सपाट ठेवून दाबून धरा आणि लगेच निघा, रात्र असली तरी. तिसऱ्या दिवसानंतर लाली पसरणे, पू किंवा १००.४ च्या वर ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

रिपोर्ट

साधारण आठवडा लागतो, विशेष तपासण्या सांगितल्या तर आणखी काही दिवस. रिपोर्ट फोनवर फोटो पाठवून विचारू नका. टाके दाखवायला याल तेव्हा तो आणि जुने सोनोग्राफी-मॅमोग्राफीचे कागद बरोबर आणा. साधा आला तरी तो त्या चित्राशी जुळतो का, हे पाहावे लागते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल, तर लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या. ब्लॉक नेताना उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळते.